कल्पनेतल्या नद्या कोणीकडे वाहतात?

नववीच्या वर्गाला मी दर वर्षी एक गृहपाठ देतो. एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढायचा. बेटावर निदान एक पर्वतरांग, दोन नद्या, एक जंगल किंवा वाळवंट आणि तीन गावे हवीत. शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची, चिन्हे व खुणा हे सारे हवे. गुण दहा.

बरीच वर्षे मी हे नकाशे लाल पेन घेऊन एका बैठकीत तपासून टाकत असे. त्यासाठी माझे तीन ठोकताळे होते. नदी पर्वतरांग ओलांडत नाही. नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. पर्वतरांगा काटकोनात वळत नाहीत. यांपैकी काही दिसले की फुली.

काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या नकाशात नदी पर्वतरांग भेदून सरळ पलीकडे गेली होती. मी फुली मारली आणि दोन गुण कापले. वही परत घेताना तिने शांतपणे विचारले, "सर, मग सतलज कशी येते?"

सतलज मानसरोवराशेजारच्या राकसतालाच्या परिसरात उगम पावते, तिबेटच्या पठारावरून वायव्येकडे जाते आणि शिपकी ला या खिंडीजवळ हिमालय भेदून हिमाचल प्रदेशात उतरते. अरुण नदी तर एव्हरेस्ट आणि कांचनजंगा यांच्यामधून वाट काढते. अशा नद्यांना आपण पूर्ववर्ती नद्या म्हणतो. डोंगर वर उचलला जाण्याआधीच नदी तेथे होती; डोंगर जसजसा उठत गेला, तसतशी ती आपले पात्र खाली कापत गेली. हे मीच त्या वर्गाला शिकवले होते. मात्र ते हिमालयाच्या धड्यात शिकवले होते, आणि नकाशा तपासताना तो धडा मी बाजूला ठेवला होता.

त्या प्रश्नाने मला अडचणीत टाकले. काल्पनिक प्रदेशाचा नकाशा चांगला की वाईट, हे ठरवायचे तरी कशावर? 'पृथ्वीवर असे नसते' म्हणून फुली मारावी, तर पृथ्वीवर बरेच काही असते. 'कल्पनाच आहे, काहीही चालेल' म्हणावे, तर भूगोलाच्या तासाला हा गृहपाठ द्यायचाच कशाला? उत्तर शोधण्यासाठी मी जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध असा काल्पनिक नकाशा समोर घेतला आणि तो विद्यार्थ्याचा असल्यासारखा तपासायला बसलो. तो नकाशा म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतील मिडल-अर्थ या प्रदेशाचा. २००१ ते २००३ या काळात आलेल्या तीन चित्रपटांमुळे आपल्या अनेक विद्यार्थ्यांनाही तो ओळखीचा आहे. शिवाय माझेच तीन ठोकताळे वापरून अनेकांनी या नकाशावर टीका केली आहे. त्यामुळे ठोकताळ्यांचीही परीक्षा होणार होती.

आधी नकाशा, मग गोष्ट

काल्पनिक नकाशा हे पुस्तकाच्या सुरुवातीला लावलेले शोभेचे चित्र असते, असा आपला समज असतो. लेखकांचा अनुभव वेगळा आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे आपल्या सावत्र मुलाच्या सोबतीने एका बेटाचा नकाशा रंगवला. त्या नकाशाकडे पाहता पाहता 'ट्रेझर आयलंड'मधली माणसे त्यांना दिसू लागली. १८८३ साली कादंबरी पुस्तकरूपाने निघाली, पण प्रकाशकाकडे पाठवलेला तो मूळ नकाशा गहाळ झाला. मग छापलेल्या मजकुरातील एकूण एक अंतर आणि दिशा टिपून त्यांना नवा नकाशा जुळवावा लागला. नकाशावरून गोष्ट लिहिणे सोपे, पण गोष्टीवरून नकाशा करणे महाकठीण, हे त्यांना तेव्हा उमगले. लेखकाला आपला प्रदेश, खरा असो वा कल्पित, तळहातासारखा माहीत हवा, असे त्यांनी पुढे एका लेखात आग्रहाने मांडले.

टॉल्किन हे ऑक्सफर्डला भाषांचे प्राध्यापक होते. आपण नकाशापासून सुरुवात केली आणि गोष्ट त्यात बसवली, असे त्यांनी १९५४ मध्ये एका पत्रात कळवले आहे. त्यांच्या कामाच्या नकाशावर दोन सेंटीमीटरचे चौकोन होते आणि दर चौकोनाला शंभर मैल असे प्रमाण होते. म्हणजे एका सेंटीमीटरला सुमारे ८० किलोमीटर, अंशप्रमाणात सुमारे १ : ८०,००,०००. हा हिशेब वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. छापील नकाशे त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी रेखाटले. १९५५ मध्ये निघालेल्या तिसऱ्या खंडातील मोठ्या प्रमाणावरच्या नकाशात तर समोच्चतादर्शक रेषाही आहेत. कादंबरीच्या नकाशात असे क्वचितच आढळते.

प्रमाण, दिशा, चिन्हे यांचे गुण तर मिळाले. आता भूगोलाचे गुण पाहू.

पाण्याची परीक्षा

कोणत्याही काल्पनिक नकाशाची पहिली परीक्षा पाण्याने घ्यावी. नकाशावर कोठेही बोट ठेवा आणि विचारा, येथे पडलेला पावसाचा थेंब शेवटी कोठे जाईल? बोट अडले, तर नकाशात काहीतरी चुकले आहे.

मिडल-अर्थच्या नकाशावर बोट क्वचितच अडते. मधोमध 'धुक्याचे डोंगर' ही उत्तर-दक्षिण पसरलेली प्रचंड रांग आहे. ती जलविभाजक आहे. तिच्या पश्चिम उतारावरच्या नद्या पश्चिमेच्या समुद्राला मिळतात. पूर्व उतारावरचे प्रवाह आंदुइन या महानदीला मिळतात आणि ती दक्षिणेकडे वाहत जाऊन एका उपसागराला मिळते. दक्षिणेकडे पूर्व-पश्चिम पसरलेली 'शुभ्र डोंगरां'ची रांग आहे. तिच्या दक्षिण उतारावरच्या नद्या थेट समुद्राकडे जातात, तर उत्तर उतारावरचे बरेच पाणी एंटवॉश नावाच्या नदीतून पूर्वेला आंदुइनकडे वळते. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना नदी पाठ फिरवून उलट दिशेला जाते, याचे नवल महाराष्ट्रातल्या मुलांना वाटू नये. कृष्णा महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर उगम पावते आणि सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. पाण्याला जवळचा समुद्र कळत नाही, उतार कळतो.

एंटवॉश आंदुइनला मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांत विभागते आणि तेथे विस्तीर्ण दलदल आहे. माझ्या दुसऱ्या ठोकताळ्याप्रमाणे येथे फुली पडायला हवी. पण नकाशा नीट पाहिला तर या संगमाच्या अलीकडेच आंदुइन एका मोठ्या धबधब्याने सखल भागात कोसळते. खाली जमीन सपाट आहे. मंद झालेली नदी सपाट जमिनीवर गाळ टाकते आणि आपल्याच गाळाने अडून फाटे फोडते. आफ्रिकेत ओकाव्हँगो नदीने समुद्रापासून दूर असाच त्रिभुज प्रदेश केला आहे आणि नायजर नदीनेही मालीमध्ये केला आहे. तेव्हा फुली नको.

सगळ्यांत नेटकी जलरचना सापडते ती कथेतल्या खलनायकाच्या देशात, मॉर्डॉरमध्ये. तीन बाजूंनी पर्वतांनी वेढलेल्या या देशाच्या दक्षिण भागात नूर्नेन नावाचे मोठे सरोवर आहे. नद्या त्यात येऊन मिळतात, पण त्यातून एकही बाहेर पडत नाही. वेढलेल्या कोरड्या प्रदेशात असेच व्हायला हवे. पाणी येते आणि बाष्प होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. कॅस्पियन समुद्र, मृत समुद्र आणि आपले लोणार यांची गोष्ट हीच आहे. नूर्नेनचे पाणी खारे असणार, असे अनुमान नववीचा विद्यार्थी निव्वळ नकाशा पाहून काढू शकतो. ज्या नकाशावरून न सांगितलेली गोष्ट अनुमानाने काढता येते, तो नकाशा केवळ चित्र राहत नाही.

पावसाची परीक्षा

दुसरी परीक्षा पर्जन्यछायेची. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पंधरा-वीस किलोमीटर पूर्वेच्या पाचगणीला त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा पडतो. मिडल-अर्थमध्ये समुद्र पश्चिमेला आहे आणि अक्षांश युरोपचे आहेत, म्हणजे तेथे वारे प्रामुख्याने पश्चिमेचे. मग धुक्याच्या डोंगरांच्या पूर्वेला पर्जन्यछाया हवी. पण नेमके तेथेच मर्कवुड हे घनदाट अरण्य दाखवले आहे. ही चूक नव्हे काय?

मलाही प्रथम तसेच वाटले. ब्रिस्टल विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ डॅन लंट यांनी २०१३ साली हा प्रश्न गंमत म्हणून, पण शास्त्रीय पद्धतीने सोडवला. पृथ्वीच्या भूतकाळातील व भविष्यातील हवामानाचा अंदाज घेण्यासाठी जे संगणकीय प्रारूप वापरतात, त्यात त्यांनी मिडल-अर्थचे पर्वत आणि किनारे भरले. निबंधावर लेखक म्हणून कथेतल्याच एका जादूगाराचे नाव घातले. प्रारूपाने डोंगरांच्या पूर्वेला पाऊस कमी दाखवला, म्हणजे पर्जन्यछाया खरी ठरली. पण त्याच प्रारूपानुसार माणसाने हात लावला नाही, तर मिडल-अर्थचा बराचसा भाग अरण्याने झाकलेला असायला हवा.

हे कसे? जंगल वाढायला नुसता पाऊस पुरेसा नसतो. पावसातून बाष्पीभवन वजा जाता काय उरते, ते महत्त्वाचे असते. आपल्या सोलापूरकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडूनही काटेरी झुडपे व गवतच जास्त. सायबेरियात कित्येक ठिकाणी त्याहून कमी पावसात तैगाचे मैलोन् मैल सूचिपर्णी अरण्य उभे आहे, कारण थंडीमुळे पाणी उडून जात नाही. तेव्हा 'पर्जन्यछाया आहे म्हणून जंगल नको' हाही अर्धवट ठोकताळाच.

उलट खरा प्रश्न पश्चिमेकडच्या मोकळ्या माळांचा निघतो. तेथे पाऊस भरपूर, मग जंगल का नाही? त्याचे उत्तर टॉल्किन यांच्याकडे आहे. तेथे एके काळी सलग अरण्य होते आणि समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी जहाजांच्या लाकडासाठी ते तोडले, असा इतिहास त्यांनी रचला आहे. नकाशावरचे जुने अरण्य म्हणजे त्याचा उरलेला तुकडा. मोकळी जमीन हीसुद्धा एक घडलेली गोष्ट असते, हे त्यांना ठाऊक होते.

काटकोनाची परीक्षा

आता सर्वांत गाजलेला आक्षेप. मॉर्डॉरच्या पश्चिमेला 'सावलीचे डोंगर' उत्तर-दक्षिण जातात आणि उत्तरेला 'राखेचे डोंगर' पूर्व-पश्चिम. वायव्य कोपऱ्यात दोन्ही जवळजवळ काटकोनात मिळतात. दक्षिणेलाही तसाच कोपरा आहे. भूपट्टांच्या टकरीतून उठलेले पर्वत लांबलचक कमानीसारखे असतात, किल्ल्याच्या तटासारखे चौकोनी नसतात, असे भूशास्त्र जाणणारे वाचक म्हणतात. माझा तिसरा ठोकताळाही तेच म्हणत होता.

पण युरोपचा नकाशा उघडून रुमानिया पाहा. कार्पेथियन पर्वताची पूर्वेकडील रांग उत्तरेकडून खाली येते आणि एका जागी झटक्यात पश्चिमेला वळते. पश्चिम बाजूलाही डोंगर आहेत आणि मधे ट्रान्सिल्व्हानियाचे पठार अडकले आहे. पूर्व रांगेच्या आतल्या अंगाला ज्वालामुखींची ओळसुद्धा आहे, जशी मॉर्डॉरमध्ये तटाच्या आत ज्वालामुखीचा डोंगर आहे. म्हणजे कोपरा असू शकतो.

मात्र पृथ्वीवर असा कोपरा फुकट मिळत नाही. कार्पेथियनच्या त्या वळणावर व्रान्चा नावाचा भाग आहे. तेथे भूपट्टाचा एक तुकडा खाली प्रावरणात बुडतो आहे आणि त्यामुळे जमिनीखाली शंभर किलोमीटरच्या आसपास खोलीवर मोठे भूकंप होतात. ४ मार्च १९७७ च्या भूकंपात सुमारे दीड हजार माणसे दगावली. शिवाय डोंगरांनी वेढलेल्या त्या पठाराचे पाणी कोंडून राहत नाही. ओल्ट नावाची नदी दक्षिण कार्पेथियन भेदून डॅन्यूबकडे जाते. पुन्हा सतलजचीच गोष्ट! कोपरा, भूकंप, ज्वालामुखी, नदीने कापलेली घळई ही सगळी एकाच कारणमालिकेची फळे आहेत. एक हवे असेल, तर इतरांचाही विचार करावा लागतो.

मॉर्डॉरमध्ये ही मालिका अपुरी आहे, आणि माझ्या मते नकाशातली खरी चूक येथे आहे. ज्वालामुखी आहे. पण दोन्ही रांगा भिंतीसारख्या उठतात. पायथ्याच्या टेकड्यांची उतरंड जवळजवळ नाहीच. आणि नेमक्या कोपऱ्यात एक खिंड आहे, जेथे शत्रूचे काळे प्रवेशद्वार उभे आहे. पर्वतातली खिंड सहसा पाण्याने किंवा हिमनदीने कोरलेली असते. या खिंडीतून कोणतीही नदी वाहत नाही. दार आहे, पण ते उघडणारे पाणी नाही.

हे असे का झाले, तेही स्पष्ट आहे. कथेला तटबंदी असलेला देश हवा होता आणि त्याला एक दरवाजा हवा होता. आपल्या जगाचा आकार भूशास्त्रापेक्षा नाट्याच्या गरजेने ठरला, अशी प्रांजळ कबुली टॉल्किन यांनी १९५५ मधल्या एका पत्रात दिली आहे. हेही लक्षात ठेवायला हवे, की हा नकाशा घडत होता त्या काळात, १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९४० च्या दशकात, वेगेनर यांचा खंडवहनाचा विचार बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हता. भूपट्टांचा सिद्धान्त रुजला तो १९६० च्या दशकात. पर्वत का व कसे उठतात, याचे आज शाळेत शिकवले जाणारे उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हते. पाणी उताराकडे वाहते, हे मात्र सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच की काय, या नकाशात नद्या बिनचूक आहेत आणि पर्वत डळमळीत.

अंतर, दिवस आणि चंद्र

नकाशाचे प्रमाण खरे आहे की नुसते कोपऱ्यात काढलेली पट्टी आहे, हे पाहायचा सोपा मार्ग म्हणजे दोरा घेऊन वाट मोजणे आणि गोष्टीतल्या दिवसांशी ताडून पाहणे. नायक फ्रोडो आपल्या गावाहून २३ सप्टेंबरला निघतो आणि २० ऑक्टोबरला रिव्हेंडेलच्या वेशीवरची नदी ओलांडतो. वळणावळणाची ही वाट साडेचारशे मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर भरते. सत्तावीस दिवसांत रोज सरासरी २७ किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पालखी अठरा-वीस दिवसांत कापते. तिच्या दुपटीने हे लोक चालले. ओझी वाहायला तट्टू होते आणि मागे शत्रू लागला होता, हे धरले तर दमवणारे, पण अशक्य नव्हे.

अक्षांशांचीही परीक्षा घेता येते. फ्रोडोचे गाव ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आहे आणि मिनास तिरिथ हे शहर तेथून ६०० मैल दक्षिणेला, सुमारे फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर, असे टॉल्किन यांनी नोंदवले आहे. पडताळा करू. ६०० मैल म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटर. एका अक्षांशाला १११ किलोमीटर धरले, तर ८.७ अंश. ऑक्सफर्ड पावणेबावन्न अंश उत्तरेला, त्यातून ८.७ वजा केले की ४३ अंश येतात. फ्लॉरेन्स पावणेचव्वेचाळीस अंशांवर आहे. पाऊण अंशाचा फरक क्षम्य आहे.

चंद्राने मात्र टॉल्किन यांना छळले. कथेतली माणसे वेगवेगळ्या वाटांनी जातात, तेव्हा एकाच रात्री एका ठिकाणी उगवता आणि दुसऱ्या ठिकाणी मावळता चंद्र लिहिला गेल्याचे १९४४ मध्ये त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांना मागची प्रकरणे दुरुस्त करावी लागली. स्टीव्हन्सन यांनीही आपण एका कादंबरीत चंद्राबाबत फसल्याचे लिहून ठेवले आहे. गंमत अशी, की राक्षस, जादू, बोलणारी झाडे यांना वाचकांची हरकत नव्हती. चंद्राने वेळ चुकवणे मात्र लेखकालाच सहन झाले नाही.

'कशासाठी' आणि 'कशामुळे'

या तपासणीनंतर काल्पनिक नकाशाबद्दलचे माझे मत बदलले. नकाशा कल्पित असला, की त्यातली प्रत्येक गोष्ट 'कशासाठी' तरी असते. तट हवा म्हणून पर्वत, लपायला हवे म्हणून जंगल, अडवायला हवे म्हणून नदी. यात गैर काही नाही, गोष्ट तशीच रचली जाते. खऱ्या पृथ्वीवर मात्र कोणताही पर्वत कशासाठी नसतो, तो 'कशामुळे' तरी असतो. चांगला काल्पनिक नकाशा तो, ज्यात रचणाऱ्याने आपल्या प्रत्येक 'कशासाठी'ला एक 'कशामुळे' मिळवून दिला आहे. मिडल-अर्थच्या नद्या, अरण्ये आणि खारे सरोवर या कसोटीला उतरतात, म्हणून तो प्रदेश खरा वाटतो. मॉर्डॉरचा दरवाजा उतरत नाही, म्हणून तो नेपथ्यासारखा वाटतो.

तेव्हा माझे तीन ठोकताळे चुकीचे नव्हते, त्यांचा वापर चुकीचा होता. नदीने डोंगर ओलांडला, तर तेथे फुली मारण्याऐवजी प्रश्नचिन्ह काढायला हवे. नदी फुटूही शकते. व्हेनेझुएलात कासिक्वारे नावाचा प्रवाह ओरिनोकोचे काही पाणी ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेतो. १८०० साली हुंबोल्ट यांनी त्यातून नौकेने प्रवास केला होता. फक्त त्यासाठी जमीन कमालीची सपाट लागते. ते नकाशात दाखवले आहे का, एवढेच विचारायचे.

आता मी गुणांची विभागणी बदलली आहे. शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची, चिन्हे यांना चार. प्रत्येक नदीचे पाणी बोटाने शेवटापर्यंत नेता येते का, याला तीन. उरलेले तीन तोंडी परीक्षेचे. नकाशातल्या कोणत्याही दोन गोष्टींवर बोट ठेवून मी विचारतो, "हे येथे कशामुळे आले?" एका मुलाने दोन समुद्रांना मिळणारी नदी काढली होती. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "दोन्हीकडे बोटी जाव्यात म्हणून." त्याला कासिक्वारेची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने नदी तशीच ठेवून मधली टेकडी खोडून आणली.

गृहपाठाआधी एक छोटा प्रयोगही करून घ्यावा. कोरा कागद चुरगळून अर्धवट उलगडावा. वर आलेल्या कडांवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेनाने रेषा ओढाव्यात आणि फवाऱ्याने हळूहळू पाणी मारावे. शाई कोणत्या वाटेने उतरते, कोठे साचते, कोठे दोन ओघळ एक होतात, हे मुलांनी पाहावे आणि मगच पेन्सिल उचलावी. त्यानंतर नद्यांच्या चुका पुष्कळ कमी होतात, असा माझा अनुभव आहे. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना मॉर्डॉरची ती कोरडी खिंडच सोडवायला द्यावी. खिंडीबाहेर थोड्याच अंतरावर नकाशात एक मोठी दलदल आहे. एके काळी पठारावरून एखादी नदी या खिंडीतून दलदलीकडे वाहत असेल आणि पुढे आटली असेल काय? हे अनुमान माझे आहे, कथेत ते नाही. याहून चांगले उत्तर विद्यार्थ्यांनी शोधावे.

आणि त्या मुलीचा नकाशा? तिची वही मी दुसऱ्या दिवशी परत मागून घेतली. नदी जेथे पर्वतरांग भेदत होती, तेथे दोन्ही काठांना तिने दाट आखूड रेघा काढल्या होत्या. सूचीत त्या खुणेपुढे लिहिले होते : खोल घळई, नदी डोंगराहून जुनी. फुली मारताना मी सूची वाचलीच नव्हती. दोन गुण परत दिले, आणि वर्गासमोर का दिले तेही सांगितले.